चांगले मैदान किती लांब असावे?

प्रश्न : कोथरूडमध्ये पौड रस्त्यापासून आत, एका गल्लीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या आईचे हे पत्र आहे. मिरजेहून पुण्याला येऊन त्यांना दीड वर्ष झाले. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा चार वर्षांचा. पती हिंजवडीला नोकरी करतात आणि रात्रीच घरी पोहोचतात, त्यामुळे संध्याकाळी मुले आई आणि आजीजवळ असतात. इमारतीच्या आवारात सगळीकडे गाड्या उभ्या असतात आणि जिन्यापाशी ‘येथे चेंडू खेळू नये’ अशी पाटी आहे. चालत सात-आठ मिनिटांवर महापालिकेची एक लहान बाग आहे, पण तिथला एक झोपाळा तुटलेला आहे, घसरगुंडीखाली सिमेंटचे ब्लॉक बसवले आहेत आणि बागेला लागून असलेल्या मोकळ्या पटांगणावर मोठ्या मुलांचे क्रिकेट चालते. म्हणून शनिवार-रविवारी हे कुटुंब मॉलमध्ये तासावर पैसे घेणाऱ्या ‘प्ले झोन’मध्ये जाते किंवा गाडी काढून लांबच्या एखाद्या मोठ्या बागेत. मधले पाच दिवस मुले घरात मोबाइल पाहतात. पतीचे म्हणणे असे, की सगळ्या सोयी असलेल्या मोठ्या टाउनशिपमध्ये घर घ्यावे. सासूबाई म्हणतात, ‘आमची मुले गल्लीत खेळूनच मोठी झाली.’ पत्रलेखिका विचारतात : ‘आमच्या भागात मुलांसाठी खरोखर चांगले मैदान कोणते? आणि ते नसेल, तर घर बदलावे का?’

उत्तर : तुमच्या पत्रात तुटलेला झोपाळा आहे, घसरगुंडी आहे, प्ले झोनमधला रंगीत चेंडूंचा हौदही आहे, परंतु या सगळ्या ठिकाणी तुमची मुले कोणाबरोबर खेळतात, हे कुठेच आलेले नाही. हा दोष देण्यासाठी मी म्हणत नाही. नव्या शहरात आलेले बहुतेक आईवडील मैदानाची पारख तिथल्या खेळण्यांवरून करतात, कारण एका फेरीत तेवढेच डोळ्यांना दिसते. रोज त्याच वेळी येणारी चार-पाच ओळखीची मुले पहिल्या फेरीत दिसत नाहीत. ती आठवडा-पंधरा दिवस सलग गेल्यावरच दिसू लागतात. म्हणून ‘चांगले मैदान कोणते’ याचे उत्तर देण्यापूर्वी ‘चांगले’ ठरवण्याची तुमची मोजपट्टी बदलावी, असे मला वाटते. जिथे मुले रोज चालत जाऊ शकतात आणि रोज तीच सोबत भेटते, ती जागा साधी असली तरी मुलांच्या दृष्टीने चांगली असते; आणि जिथे पोहोचायला गाडी, सुट्टी आणि वडिलांची सवड हे तिन्ही जुळून यावे लागते, ती जागा कितीही देखणी असली तरी ती सहलीची जागा असते. रोजच्या भाजी-भाकरीची उणीव महिन्यातून एकदा मिळणाऱ्या पुरणपोळीने भरून निघत नाही, तसेच हे आहे.

यामागे नुसती भावना नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यातली निदान ६० मिनिटे चांगली धावपळीची असावीत. आता तुमच्या घरचा हिशेब पाहा. रविवारचे तीन तास धरले, तरी सोमवार ते शुक्रवार ही पाटी कोरीच राहते. उलट, सात मिनिटांवरच्या त्या सामान्य बागेत रोज सव्वा तास गेला, तर जाण्या-येण्याचे चालणे धरून थोरल्या मुलीची गरज जवळजवळ तिथेच भागते. अ‍ॅमस्टरडॅम शहरात दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ ते १९७८ या काळात, आल्डो व्हान आयक या वास्तुरचनाकाराने सातशेहून अधिक लहान क्रीडांगणे तयार केली. ती बहुतांशी दोन इमारतींमधल्या रिकाम्या जागांत, रस्त्याच्या कोपऱ्यांवर आणि पडीक तुकड्यांवर होती, आणि त्यांत वाळूचा हौद, उड्या मारायचे दगड, लोंबकळायच्या लोखंडी कमानी यांपलीकडे फारसे काही नव्हते. तरीही ती मुलांनी भरलेली असत, कारण ती घराजवळ होती.

तेव्हा आधी त्या जवळच्या बागेकडे नव्या नजरेने पाहू. मात्र साधेपणा आणि धोका यांत फरक करावा लागेल. तुटलेला झोपाळा डोळ्यांना खुपतो, पण त्यावर कोणी बसत नसेल तर त्याने इजा होत नाही. घसरगुंडीखालचे सिमेंटचे ब्लॉक मात्र खरोखर घातक आहेत, कारण खेळाच्या जागी होणाऱ्या गंभीर दुखापतींचे मुख्य कारण उंचावरून कठीण जमिनीवर पडणे हेच असते. घसरगुंडी आणि झोपाळ्याखाली निदान वीतभर भुसभुशीत वाळू किंवा जाड रबरी थर हवा. वरवर पसरलेली दोन बोटे वाळू चार दिवसांत तुडवली जाते आणि खाली पुन्हा फरशीच उरते. दुसरी गोष्ट म्हणजे शिडीच्या किंवा कठड्याच्या दांड्यांमधली फट. साधारण ९ ते २३ सेंटीमीटर रुंदीच्या फटीतून लहान मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते, म्हणून चार वर्षांच्या मुलासाठी ही बाब हाताने मोजून पाहण्याइतकी महत्त्वाची आहे. बाहेर आलेले बोल्ट, झिजून पातळ झालेल्या साखळ्या, उन्हात तापलेली पत्र्याची घसरगुंडी हे तर दिसतेच. मुलांच्या गळ्यातल्या ओढण्या, स्कार्फ आणि टोपीच्या दोऱ्या घसरगुंडीवर चढण्यापूर्वी काढून ठेवाव्यात. पावसाळ्यात आणखी एक पाहावे लागते : पुष्कळ बागांत झोपाळ्याला किंवा कुंपणाला जुने टायर वापरलेले असतात, त्यांत पाणी साचते आणि डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. हे डास दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी चावतात, म्हणजे नेमके खेळाच्या वेळी. टायरला खालून भोक पाडले की काम भागते.

तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून माझे मत असे, की मुलाला सध्या त्या घसरगुंडीवर सोडू नये, पण बागेत जाणे सोडू नये. चार वर्षांच्या मुलाला माती, पाण्याची एक बाटली, एक जुना डबा आणि दोन चमचे पुरतात. आपण मोठी माणसेच उपकरणांअभावी अस्वस्थ होतो. महापालिकांनाही उपकरणांचा मोह सुटत नाही : हल्ली बागांत सिमेंटचे प्राणी आणि फोटो काढण्याच्या कमानी वाढत आहेत, व्यायामाची यंत्रे मुलांच्या कोपऱ्यात येऊन बसत आहेत, आणि उघडी माती मात्र दर वर्षी कमी होत आहे. ज्या बागेत अजून थोडी माती शिल्लक आहे, तिला वाईट म्हणण्यापूर्वी थांबावे.

थोरल्या मुलीचा प्रश्न वेगळा आहे आणि तुमच्या पत्रात तो एका वाक्यात येऊन गेला आहे : पटांगणावर मोठ्या मुलांचे क्रिकेट चालते. नऊ-दहा वर्षांच्या मुली मैदानावरून हळूहळू नाहीशा होतात, ते बहुधा येथूनच. त्यांना कोणी हाकलत नाही, पण चेंडू लागेल या भीतीने त्या कडेला सरकतात, मग बाकावर बसतात, मग येईनाशा होतात. एकट्या मुलीला तिथे जागा मिळवता येत नाही. पाच-सहा जणी एकदम, रोज त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात खेळू लागल्या की मिळते. लंगडी, लगोरी, विषामृत, डबा ऐसपैस यांना खेळपट्टी लागत नाही आणि हे खेळ सुरू झाले की आसपासची मुले आपोआप येऊन मिळतात. खो-खोची गोडी लागली, तर पुण्याइतके अनुकूल शहर दुसरे नाही. या खेळाचे पहिले लिखित नियम १९१४ साली इथल्याच डेक्कन जिमखान्यावर तयार झाले. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांशी तुम्ही किंवा आजींनी सरळ बोलावे. ‘साडेपाच ते साडेसहा हा कोपरा लहानांना सोडा’ ही विनंती पुढे नेणारा त्यांच्यातच एखादा समंजस मुलगा असतो. त्याला मधे घातले की निम्मे काम होते. फक्त हे बोलणे पहिल्या दिवशी तक्रारीच्या सुरात नसावे.

सासूबाईंचे म्हणणे तुम्ही काहीशा वैतागाने लिहिले आहे. त्यांच्या गल्लीत तेव्हा दुचाक्या-चारचाक्या इतक्या नव्हत्या, हे खरेच आहे आणि आज कोथरूडच्या गल्लीत मुलांना खेळायला सोडावे असे मी मुळीच सुचवणार नाही. तरीही त्यांच्या वाक्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. त्या काळी मुलांवर लक्ष ठेवायला कोणी नेमलेले नसे. ओट्यावर बसलेली मोठी माणसे सहज पाहत असत. तुमच्या बागेतल्या बाकावर हे काम आजीच करू शकतात, आणि तुमच्यापेक्षा अधिक चांगले करतील, कारण तुम्ही मुलाच्या मागे मागे फिराल आणि त्या बसून राहतील. मुले आपापसांत भांडण मिटवायला शिकतात ती मोठे माणूस दिसत असताना, पण मधे पडत नसताना. आठवड्यातले तीन दिवस आजी आणि दोन दिवस तुम्ही, अशी वाटणी झाली तर तुमच्याही तीन संध्याकाळी मोकळ्या होतील. मात्र त्यांना विचारून ठरवा आणि बागेतल्या स्वच्छतागृहाची अवस्था आधी पाहून घ्या. आजीचे आणि चार वर्षांच्या नातवाचे वेळापत्रक पुष्कळदा तेवढ्यावरच अवलंबून असते.

टाउनशिपविषयी. घर बदलण्याची इतर कारणे असतील तर जरूर विचार करावा, पण केवळ मुलांच्या खेळासाठी म्हणून इतके मोठे कर्ज डोक्यावर घेण्याआधी एक साधी पाहणी करा. ज्या संकुलाचा विचार आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी दलालाबरोबर जाऊ नका. मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी सहा वाजता जा आणि खेळाच्या जागेत किती मुले आहेत, त्यांत तुमच्या मुलांच्या वयाची किती, हे मोजा. मी अशी संकुले पाहिली आहेत, जिथे रबरी जमीन, परदेशी बनावटीच्या घसरगुंड्या आणि सुरक्षारक्षक सगळे असते, पण मुले कोचिंग, अ‍ॅबॅकस आणि पोहण्याच्या वर्गांत वाटली गेलेली असतात. अशीही पाहिली आहेत, जिथे खरोखर पन्नास मुले रोज खाली उतरतात. माहितीपत्रकावरून यांतला फरक कळत नाही. शिवाय शाळा बदलेल का, नसेल तर मुलीचा बसमधला वेळ किती वाढेल, हेही त्याच हिशेबात धरा. खेळाच्या वेळेतला अर्धा तास बसने खाल्ला तर टाउनशिपच्या बागेचा उपयोग उरत नाही.

दरम्यान तुमच्या स्वतःच्या सोसायटीतही पाहण्यासारखे काही आहे. राज्याच्या २०२० सालच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी ठेवावी लागते आणि अशा अटी त्याआधीच्या नियमांतही होत्या. तुमची इमारत लहान असेल तर हे तिला लागू होणार नाही. पण ती एखाद्या मोठ्या रेखांकनाचा (लेआउटचा) भाग असेल, तर मंजूर नकाशात अशी जागा दाखवलेली असू शकते आणि आज तिथे गाड्या उभ्या असू शकतात. तुम्ही भाडेकरू आहात, म्हणून सर्वसाधारण सभेत मत देता येणार नाही, पण घरमालकांमार्फत किंवा मुले असलेल्या सभासदांमार्फत विषय मांडता येतो. ‘चेंडूची पाटी काढा’ अशी मागणी केली तर वाद होतो. ‘संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळेत अमुक चार दुचाक्या पलीकडे लावाव्यात आणि तेवढ्या जागेत मऊ चेंडूने खेळू द्यावे’ अशी नेमकी विनंती केली, तर ती मान्य होण्याची शक्यता पुष्कळ वाढते, कारण तिला नाही म्हणायला कारण शोधावे लागते.

शाळांची मैदाने हा आणखी एक विसरलेला पर्याय आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे, आणि ही मैदाने संध्याकाळी व सुट्टीत बहुधा कुलूपबंद असतात. एकट्या पालकाला मुख्याध्यापक परवानगी देत नाहीत, ते समजण्यासारखे आहे. रखवालीची आणि नुकसानीची जबाबदारी त्यांच्यावर येते. पंधरा-वीस पालकांनी नावानिशी, वेळ ठरवून आणि आळीपाळीने एकाने हजर राहण्याची लेखी हमी देऊन अर्ज केला, तर निदान उन्हाळ्याच्या सुट्टीपुरते दार उघडण्याची उदाहरणे आहेत.

मोठ्या बागांकडे मी पाठ फिरवायला सांगत नाही. महिन्यातून एक-दोनदा तिथे जावे, मात्र तुमच्याकडे गाडीपेक्षा चांगले साधन आहे. वनाझपासून येणाऱ्या मेट्रोवर छत्रपती संभाजी उद्यान हे स्थानकच आहे. जंगली महाराज रस्त्यावरच्या या जुन्या उद्यानात जायला पार्किंग शोधावे लागत नाही आणि चार वर्षांच्या मुलाला निम्मा आनंद मेट्रोतच मिळतो. जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून स्वारगेटला उतरलात, तर तिथून सारसबाग आणि तिला लागूनचे पेशवे उद्यान चालण्याच्या अंतरावर आहे. पुण्यातल्या दोन-तीन पिढ्या ज्या ‘फुलराणी’ या छोट्या आगगाडीत बसल्या, ती १९५६ साली याच पेशवे उद्यानात सुरू झाली, तिथले प्राणी पुढे कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलवले गेले. ते प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधील ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले आहे. ते अतिशय सुंदर आहे, पण संथपणे फिरत पाहण्यासाठी, आणि तिथे हिरवळीवर धावू न दिल्याबद्दल मुलांनी रुसण्यात अर्थ नाही. धावायचेच असेल, तर रविवारी सकाळी लवकर वेताळ टेकडी गाठा. कोथरूडच्या बाजूनेही वर वाट जाते. चार वर्षांच्या मुलाने अर्ध्यातून परत फिरायचे म्हटले तर फिरावे, दगड गोळा करण्यात तास गेला तरी तो खेळच आहे. फक्त अंधार पडण्याच्या सुमारास टेकडीवर राहू नये. बहुतेक उद्याने दुपारी बंद असतात, म्हणून सुट्टीतही सकाळ किंवा संध्याकाळच धरून निघावे.

मॉलमधल्या प्ले झोनविषयी तुम्हाला थोडे अपराधी वाटते, असे पत्रावरून जाणवते. वाटू देऊ नका. जुलैच्या मुसळधार पावसात ती जागा उपयोगी पडते. पण तिथे घड्याळ आणि पैसे यांचा हिशेब सतत डोक्यात असतो, मुलांना दर वेळी अनोळखी मुले भेटतात, आणि तास संपला की खेळ मधेच तुटतो; म्हणून ती सवय होऊ न देणे चांगले.

आता बाग सुधारण्याविषयी, कारण वाळू आपोआप येत नाही. घसरगुंडीखालचे ब्लॉक आणि तुटलेला झोपाळा यांची छायाचित्रे काढून, बागेचे नाव आणि जागा लिहून, महापालिकेच्या उद्यान विभागाला आणि तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाला लेखी अर्ज करा. ‘बागेची दुरवस्था झाली आहे’ असे मोघम लिहिले तर उत्तरही मोघम येते. ‘घसरगुंडीखालील ब्लॉक काढून वाळू भरावी, झोपाळ्याची साखळी बदलावी, टायरमधले पाणी काढावे’ अशी तीनच कामे लिहा. यापलीकडे एक मार्ग बहुतेक नवख्या पुणेकरांना ठाऊक नसतो : पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची पद्धत सुरू केली, आणि प्रभागातली लहान कामे तिच्यातून सुचवता येतात. सूचनांचे अर्ज पावसाळ्याच्या अखेरीस मागवले जातात. दिवे, बाक, वाळूचा हौद, स्वच्छतागृहाची दुरुस्ती ही कामे त्यात बसणारी आहेत. यासाठी घर स्वतःच्या मालकीचे असावे लागत नाही, म्हणून भाडेकरू असल्याचा संकोच मनात ठेवू नका.

या महिन्यात मात्र एवढेच करा : सोमवार ते शुक्रवार, ठरलेल्या वेळी, त्याच बागेत जा. पहिल्या आठवड्यात मुलगी कंटाळेल आणि मोबाइल मागेल. दुसऱ्या आठवड्यात तिच्या वर्गातल्या किंवा इमारतीतल्या एका मुलीला बरोबर न्या, आणि त्या मुलीच्या आईचा दूरध्वनी क्रमांक घ्या. अर्जावर सही करणारी ती दुसरी व्यक्ती असेल. अर्ज देताना दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.